दोघींत एक नंबर

धाकटीला नंबर नव्हता, आणि त्याचा तिला कोण अभिमान!

शाळेतल्या बाकी झाडून सगळ्या पोरांना नंबर होता. चांगला लांबलचक, सरकारी, पाठ करता करता जीभ अडखळेल असा. नंबरावर पुस्तकं यायची, नंबरावर बूट यायचे, नंबरावर गुण चढायचे. पोर शाळेत आहे की नाही हे वर्गात डोकावून कोणी ठरवत नसे. नंबर आहे ना, मग पोर आहे. त्या हिशेबानं धाकटी शाळेत नव्हतीच. रोज पहिल्या बाकावर बसायची, घसा फाटेस्तोवर कविता म्हणायची, मधल्या सुट्टीत दोघातिघांशी भांडण उकरून काढायची, आणि तरी नव्हती. "मी नाहीच्चे मुळी," असं ती नव्या पोरांना ऐटीत सांगायची. पोरं तिला हात लावून बघायची.

थोरलीला मात्र नंबर होता. दोघी जुळ्या. जन्मात अंतर काही मिनिटांचं, पण घरात थोरली ती थोरली आणि धाकटी ती धाकटी. दिसायला इतक्या सारख्या, की शेजारीण एकीला रागवायची आणि दुसरीची समजूत काढायची. नंबराचा घोळ झाला तो ह्या सारखेपणामुळंच. म्हणजे, खरं सांगायचं तर बाबांमुळं.

बाबा फोटोग्राफर. गल्लीच्या तोंडाशी स्टुडिओ, मागं घर. स्टुडिओत एक गोल स्टूल, मागं पांढरा पडदा, भिंतीवर आरसा आणि आरशाशेजारी दोरीनं बांधलेला कंगवा, कारण मोकळा ठेवला की गिऱ्हाईक तो खिशात घालून चालू लागे. खिळ्याला एक काळा कोट टांगलेला. निम्म्या गावाचे साहेबी फोटो त्या एका कोटात निघालेले. बाबांना आपल्या नजरेचा भारी गर्व. "माझ्या हातून फोटो चुकणार नाही," हे वाक्य दिवसाकाठी एकदा तरी व्हायचंच. स्टुलावर कोणीही बसो, आज्ञा ठरलेल्या: हनुवटी वर, खांदे सरळ, डोळे मिटू नका. आणखी एक आज्ञा होती, पण ती फक्त धाकटीसाठी राखीव. "जीभ आत!"

कारण धाकटीला कोणी "हलू नकोस" म्हटलं रे म्हटलं, की तिच्या जिभेचं टोक ओठांच्या कोपऱ्यातून हळूच बाहेर डोकवायचं. सुईत दोरा ओवताना, अवघड गणित सोडवताना, घाबरल्यावर, हटकून. तिला स्वतःला पत्ताही नसायचा. बाबा खेकसले की जीभ सटकन आत जायची आणि पुन्हा जरा वेळानं बाहेरची हवा खायला यायची.

तर, ह्या दोघी पहिलीत गेल्या त्या वर्षी शाळेत नंबर देण्याचं काम निघालं. प्रत्येक पोराचा अर्ज, प्रत्येक अर्जावर फोटो. सगळ्या शाळेचे फोटो काढायचं काम बाबांना मिळालं. काय रुबाब! आई नेमकी तेव्हा टपाल कचेरीच्या कामाचं शिक्षण घ्यायला परगावी गेलेली. घर बाबांच्या हाती, स्टुडिओ बाबांच्या हाती, आणि दारात पोरांची ही रांग. बाबांनी सगळ्या गावाच्या पोरांचे फोटो काढले, एकेकाचे, नीट, केस विंचरून. आणि स्वतःच्या पोरींच्या वेळी काय केलं? एकीचा फोटो काढला, त्याच्या दोन प्रती कापल्या आणि दोघींच्या अर्जांवर एकेक डकवून दिली. "दिसतात तर सारख्याच! कोणाच्या बापाला कळतंय?" असं म्हणाले म्हणे. बापाला तर नाहीच कळलं, पण कॉम्प्युटरला कळलं. जन्मतारीख तीच, आई तीच, बाप तोच, पत्ता तोच, आणि चेहरा तर तंतोतंत तोच. त्यानं ठरवलं, एकाच मुलीचा अर्ज दोनदा आलाय. वरचा अर्ज थोरलीचा होता, तो ठेवला. खालचा धाकटीचा, तो दिला भिरकावून.

आई परत आली तेव्हा तिनं कपाळाला हात लावला. "गावाचे फोटो काढता, अन् पोटच्या पोरीचा काढायला हात दुखले? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच." बाबा म्हणाले, "जातो उद्या कचेरीत." शाळेच्या हेडबाईंनी हजेरीपटाच्या तळाशी धाकटीचं नाव पेनानं लिहिलं आणि म्हणाल्या, "पुढच्या वर्षी बघू." बाबांचा उद्या आणि हेडबाईंचं पुढचं वर्ष, दोन्ही काही उजाडलं नाही.

आणि धाकटीचं त्यावाचून काही अडलंही नाही. पुस्तकं थोरलीची होतीच, दोघींचं बाक एकच. बूट एकच जोड यायचा. मग हेडबाई उरलेल्या ढिगातून धाकटीसाठी एक जोड शोधायच्या, तो कायम एक माप मोठा. ती बदकासारखी फटक फटक करत चालायची आणि लोकांना मुद्दाम ऐकू जाईल असं चालायची. कॉम्प्युटरवरची परीक्षा आली की सगळा वर्ग घामाघूम, आणि ही खिडकीत बसून पाय हलवतेय, कारण नंबर घातल्याशिवाय परीक्षा उघडायचीच नाही. सगळ्यात मजा आली ती इंजेक्शनाच्या वेळी. नर्स नंबर पुकारायची, पोरं रडत पुढं जायची. थोरलीनं दंड पुढं केला, टोचून घेतलं, डोळे पुसले. धाकटी वाट बघत राहिली. नर्सनं पेटी बंद केली आणि गेली! सुंठीवाचून खोकला गेला. घरी येताना धाकटी थोरलीला म्हणाली, "बघ, नंबर असण्याचे तोटे." थोरलीनं न दुखणाऱ्या हातानं तिला एक गुद्दा घातला.

असं सगळं मजेत चाललेलं असताना सातवी संपली. ही शाळा तेवढीच. पुढं पुलापलीकडची मोठी शाळा. तिथं कोण कोण जाणार त्याची यादी हेडबाईंनी वर्गात वाचायला घेतली. एकेक नाव, एकेक टाळी. थोरलीचं नाव आलं. धाकटीनं सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या आणि आता आपलं म्हणून ती उभीच राहिली. हेडबाईंनी पुढचं नाव वाचलं, ते तिसऱ्याच कोणाचं. मग त्याच्या पुढचं. धाकटी उभीच.

"बस गं," हेडबाई खालच्या आवाजात म्हणाल्या. "तुझं नाव कुठून येणार? यादी नंबरावरून निघते."

"मग पेनानं लिहा ना खाली."

हेडबाईंचा चेहरा उतरला. "मोठ्या शाळेत पेन नाही चालत, बाळ."

त्या दिवशी घरी येताना बूट फटक फटक वाजले नाहीत. धाकटीनं मनातल्या मनात चित्र बघितलं: थोरली पुलावरून चाललीय, शेजारी भलतीच कोणीतरी, आणि आपण गल्लीच्या तोंडाशी. जन्मल्यापासून एक दिवस दोघी वेगळ्या बाकावर बसल्या नव्हत्या. धाकटीची पाचावर धारण बसली. इतकी वर्षं "मी नाहीच्चे" म्हणून मिरवलं, आणि आता खरंच नाही म्हणतायत!

घरी थोरलीनं जाहीर केलं, "ती नाही तर मी पण नाही जाणार."

"गप्प बस," आई म्हणाली. "एकीचं नुकसान पुरेसं आहे. दोघी घरी बसलात तर मी कोणाला तोंड दाखवू? अहो, ऐकताय का? उद्याच्या उद्या कचेरीत जायचं. प्रवेश बंद व्हायला आलेत, अन् ह्यावेळी मी बरोबर येतेय."

बाबा उठून स्टुडिओत गेले आणि कोणाचे तरी फोटो कापत बसले. धाकटी मागोमाग गेली. ती पडद्याची कड बोटाला गुंडाळत उभी राहिली, आणि इतकी वर्षं पोटात ठेवलेला प्रश्न एकदाचा तोंडातून बाहेर पडला.

"बाबा, माझाच फोटो का नाही काढला?"

कात्री थांबली. "अगं, गर्दी होती कामाची…"

"पण तिचा काढलात. एकीचाच काढायचा होता, तर तिचाच का?"

बाबांना खरोखरच आठवत नव्हतं. त्या आठवड्यात इतकी तोंडं कॅमेऱ्यापुढून गेली होती, की त्यात घरचं कुठलं आणि बाहेरचं कुठलं! ते नुसते म्हणाले, "तसं नाही गं बाळा." पण कसं ते त्यांना सांगता आलं नाही. धाकटीला हुंदका आला. आपण बापाला नकोशा होतो असं काही तिला वाटत नव्हतं. पण स्टुलावर थोरलीला बसवताना आपली आठवणही झाली नाही, हे मात्र वाटत होतं, आणि ते नकोसं असण्याहून फार बरं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चौघं कचेरीत. आईनं दोघींच्या वेण्या एकसारख्या घातल्या होत्या. सवयच ती, आणि नेमकी आज नको तिथं आड आली. नोंदणीच्या खोलीत एक मॅडम बसल्या होत्या. खुर्चीच्या पाठीवर स्वेटर, टेबलावर चहाचा थर्मास, समोर कॉम्प्युटर. बाई खडूस वाटली, पण नव्हती. सकाळपासून लोकांच्या चुका निस्तरून कंटाळलेली होती, इतकंच.

बाबांनी दोघींना खांद्याला धरून पुढं केलं. "ह्या बघा मॅडम, दोन. हातच्या काकणाला आरसा कशाला?"

मॅडमनी चष्म्यावरून बघितलं. "दिसतायत हो मला दोन. पण 'मॅडमना दिसतंय' असा रकाना नाही ह्यात." त्यांनी कॉम्प्युटरवर टिचकी मारली. "लोक एका पोराची दोनदा नावं घालतात, दोनदा बूट नेतात. म्हणून चेहरा जुळला की हा दुसऱ्यांदा घेतच नाही. बघू, नवीन फोटो टाकून. कोण ती, बिननंबरी?"

धाकटी खिडकीजवळच्या खुर्चीवर बसली. आईनं आधीच दम भरलेला, म्हणून ओठ गच्च मिटून. मॅडमनी फोटो घेतला, काहीतरी दाबलं. पडद्यावर लाल अक्षरं उमटली. 'हा चेहरा आधीच नोंदलेला आहे.' खाली थोरलीचं नाव.

"झालं," मॅडम म्हणाल्या. "हा म्हणतोय, ही तीच."

"मी ती नाही!" धाकटी ओरडली. "ती ती आहे! मी मी आहे!"

"अगदी बरोबर," थोरली म्हणाली. "ही घोरते, मी नाही."

मॅडमना हसू आलं, ते त्यांनी चहाबरोबर गिळलं. "पोरींनो, माझ्या हातात एवढंच आहे: जुन्या नोंदीत चूक सापडली, तर कुलूप काढून मी सगळं नव्यानं लिहू शकते. चूक नसेल तर मला हात लावता येत नाही. आणि तुमची नोंद चोख आहे. नाव बरोबर, तारीख बरोबर, फोटो बरोबर."

"बरोबर असणारच!" बाबांच्या तोंडून निसटलं. "माझ्या हातून फोटो—"

आईनं असं काही बघितलं, की उरलेलं वाक्य बाबांनी परत घशात ढकललं.

"काही चूक काढा हो," आई काकुळतीला आली. "काहीतरी असेलच. ह्यांनी केलंय म्हणजे असणारच."

"तुम्हीच बघा." मॅडमनी पडदा चौघांकडं वळवला आणि जुना फोटो मोठा केला. पार पडदाभर. इतकी वर्षं हा फोटो कोणी असा बघितलाच नव्हता. बाबांचा जुना कॉम्प्युटर केव्हाच बिघडलेला, त्याच्याबरोबर फोटोही गेलेला. थोरलीच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर होता, पण नखाएवढा, करडा, ओठाच्या कोपऱ्यात शाईचा ठिपका पडलेला. आता पडद्यावर एक सहा वर्षांची पोर डोळे वटारून सगळ्यांकडं बघत होती.

"हा डाग कसला?" मॅडमनी रुमालानं पडदा पुसला. डाग जाईना. त्यांनी चित्र आणखी मोठं केलं.

आणि सवय काय असते बघा! कचेरी, मॅडम, आईची नजर, सगळं विसरून बाबा त्या पडद्यावर खेकसले:

"जीभ आत!"

सटकन जीभ आत गेली. पडद्यातली नव्हे. खुर्चीवर भेदरून बसलेल्या धाकटीची. भीतीच्या भरात तिची जीभ कधी बाहेर आली होती, कोणाला कळलंही नव्हतं.

मॅडमनी पडद्याकडं बघितलं. मग धाकटीकडं. मग पुन्हा पडद्याकडं. "ए," त्या हळूच म्हणाल्या, "परत काढ बघू."

आता मुद्दाम सांगितल्यावर कुठली येते? धाकटीनं हातभर जीभ काढली. "अशी नव्हे, थोडी." तिनं आत घेतली ती पार दिसेनाशी. थोरलीनंही करून बघितलं, तर तिला मांजरासारखं भलतंच काहीतरी जमलं. मग आई म्हणाली, "थांबा." पर्समधून तिनं सुईदोरा काढला, कारण टपाल कचेरीत बटणं तुटतातच, आणि धाकटीच्या हातात दिला. "ओव गं." धाकटीनं सुई उजेडाकडं धरली, एक डोळा मिटला. ओठांच्या कोपऱ्यातून गुलाबी टोक हळूच बाहेर आलं. त्याच कोपऱ्यातून. तेवढंच.

"गालगुंड!" बाबा एकदम ओरडले. मॅडम दचकल्या. "थोरलीला गालगुंड झालं होतं त्या आठवड्यात! हे एवढं तोंड सुजलेलं. तिचा फोटो काढणार कसा? म्हणून धाकटीला बसवली. धाकटीलाच! अन् हा फोटो डकवला दोघींच्या अर्जांवर. आठवलं, आठवलं! ही स्टुलावर बसून खिदळत होती, मी ओरडून ओरडून दमलो, जीभ आत, जीभ आत… शेवटी म्हटलं, एवढंसं टोक कोणाला दिसतंय."

"म्हणजे," मॅडम खुर्चीत सरसावून बसल्या, "नाव एकीचं आणि तोंड दुसरीचं?"

"हो."

"म्हणजे तुम्ही चुकलात."

"चुकलो! धडधडीत चुकलो!" बाबांनी असं काही सांगितलं, जणू बक्षीस मिळालंय. "एक सोडून दोन चुका केल्या, मॅडम. लिहा. पाहिजे तर मोठ्या अक्षरात लिहा."

"म्हणून तर तुझं तोंड त्याला इतकं ओळखीचं वाटलं," मॅडम धाकटीला म्हणाल्या. "तुझंच होतं ते." आणि त्यांनी भराभरा टाइप करायला घेतलं. कुलूप उघडलं. फोटो चुकीचा, नोंद दुरुस्त होणार, दोघींचे नवे फोटो वेगवेगळे आणायचे, धाकटीला तिचा नंबर आठवड्याच्या आत. प्रवेश बंद होण्याआधी.

थोरली गळ्यातलं ओळखपत्र डोळ्यांपुढं धरून बघत होती. "म्हणजे एवढी वर्षं मी हिचं तोंड गळ्यात घालून फिरले? ई!"

सगळे हसले. धाकटी मात्र हसली नाही. ती बाबांजवळ गेली, त्यांची बाही ओढली.

"माझा काढला होतात?"

"तुझाच," बाबा म्हणाले. "एकच काढला, अन् तो तुझा. कसा विसरलो गं मी?" त्यांचे डोळे भरून आले आणि ते लपवायला त्यांनी उगीचच पडद्यावरच्या फोटोला नावं ठेवायला सुरुवात केली, हनुवटी खाली गेलीय, उजेड कमी पडलाय. धाकटीनं त्यांच्या पोटाला मिठी मारली आणि त्यांच्या शर्टात तोंड खुपसून रडून घेतलं. किती बरं वाटलं म्हणून सांगू तिला!

घरी आल्या आल्या बाबांनी स्टुडिओचं दार लावून घेतलं. गिऱ्हाईक आलं तर आईनं बाहेरूनच परत पाठवलं. आधी थोरली बसली. हनुवटी वर, खांदे सरळ, खटक. एकदम नमुनेदार. मग तिनं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं आणि धाकटी स्टुलावर चढली. बाबांनी स्वतः दोरीचा कंगवा ओढून तिचे केस बसवले. दिवा जरा सरकवला. परत आले, परत सरकवला. इतका वेळ तर साहेबी कोटातल्या गिऱ्हाइकालाही लावत नसत.

"आता हलू नकोस," ते म्हणाले आणि कॅमेऱ्याला डोळा लावला.

धाकटी हलली नाही. आणि अर्थातच, ओठांच्या कोपऱ्यातून टोक हळूच बाहेर आलं.

"जी…" बाबा म्हणाले, आणि थांबले.

"अहो, जीभ दिसतेय तिची," आई दारातून म्हणाली.

"दिसू दे," बाबा म्हणाले आणि बटण दाबलं.